माती म्हणजे माती

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पण तुम्ही बांधलेली एखादी इमारत दाखवा म्हणालात, तर माझं स्वतःचं घर सोडून मला दाखवण्यासारखं काही नाही. माझा सगळा जन्म परवानगीच्या कामात गेला. नगरपरिषदेनं घराचा नकाशा नामंजूर केला की माणूस आधी नगरसेवकाकडे जातो, मग ओळखीच्या शिपायाकडे, मग ग्रामदैवताकडे, आणि तिथूनही रिकाम्या हातानं परतला की माझ्या ऑफिसचा जिना चढतो. बारामतीपासून इंदापुरापर्यंत मला 'नकाशावाल्या बाई' म्हणतात. आमचे हे मुख्याध्यापक होते, पण बाजारात त्यांची ओळख 'नकाशावाल्या बाईंचे मिस्टर' अशीच करून दिली जाते, आणि ते अजून त्यांच्या मनाला लागतं.

या धंद्यातलं काही ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. शहराचा एक विकास आराखडा असतो. त्यात प्रत्येक जमिनीला रंग दिलेला असतो. पिवळा म्हणजे रहिवास, तिथं घर बांधता येतं. हिरवा म्हणजे शेती, तिथं सहसा नाही. शिवाय बाग, शाळा, बाजार, स्मशान अशा सार्वजनिक गोष्टींसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि तुमची जमीन त्यात सापडली की तुम्ही मालक असूनही तिथं वीट ठेवू शकत नाही. लोकांना हे रंग फार गोंधळात टाकतात. सणसरच्या बाजूचे एक डाळिंबवाले तात्या होते. त्यांना मी म्हटलं होतं, "तात्या, तुमचा हिरवा आहे, पिवळा असता तर काम झालं असतं." काही दिवसांनी ते मोबाईलमधला फोटो घेऊन हजर. शेतावरची जुनी खोली आतून-बाहेरून पिवळीधमक रंगवलेली. "केला बाई पिवळा. आता बोला." मी हसू दाबत त्यांना चहा दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

नगरपरिषद नाही म्हणाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. वर शासनाकडे अपील करता येतं. नगररचना खात्याचा अधिकारी दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि वाटलं तर जागा बघायलाही येतो. अपिलाला मुदत असते, आणि आमची माणसं ती मुदत मुहूर्त बघण्यात घालवतात, ही वेगळी गोष्ट. मी अशी पुष्कळ अपीलं लढले. काही जिंकले, काही हरले, आणि हरलेल्या अपिलांचे पक्षकार अजून रस्त्यात भेटले की दुसऱ्या बाजूनं जातात. पण आज एकाच अपिलाबद्दल लिहिणार आहे. त्याचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नगरपरिषद कोणती ते सांगत नाही. आमच्या पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

विकासराव ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. त्यांच्या पत्नी मनीषा फिजिओथेरपिस्ट. विकासरावांचे दोन धाकटे भाऊ भाजीपाला करतात, वांगी, मेथी, कोथिंबीर, बारमाही पाण्याची शेती. शहराची हद्द वाढली तेव्हा त्यांच्या शेताचा काही भाग हद्दीत आला. भावांच्या वाटण्या झाल्या आणि विकासरावांच्या वाट्याला विहिरीकडचा, आत दबलेला तुकडा आला. रस्त्याकडचा त्यांना हवा होता. पण आईनं हट्ट धरला, विहिरीकडचं रान थोरल्यालाच जाईल म्हणून. ते त्यांना खटकलं होतं, आणि माझ्यासमोर त्यांनी ते दोन-तीनदा बोलूनही दाखवलं.

वाटणी झाली तशी आईचीही झाली. आमच्याकडं ही रीतच पडली आहे. ताराबाई आळीपाळीनं तिन्ही लेकांकडे राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या विकासरावांच्या भाड्याच्या घरात होत्या. दाराशेजारी त्यांची कापडी पिशवी ठेवलेली, गाठ मारलेली. मनीषा मला हळूच म्हणाल्या, "इथं असतात तेव्हाही गाठ सोडत नाहीत. लागेल ते हात घालून काढतात." म्हणून घराच्या नकाशातली पहिली खोली त्या दोघांनी आईसाठी काढली होती. पूर्वेकडं, स्वतंत्र दाराची, शेजारी न्हाणीघर, आणि भिंतीला कुठं कुठं धरायला दांडे लावायचे ते मनीषांनी स्वतः पेन्सिलीनं दाखवलेलं. आईची फिरती थांबवायची, एवढ्यासाठी ते घर होतं. बाकीच्या खोल्या मागाहून आल्या.

आणि परवानगी नाकारली गेली. कारण असं की सदर जागा आराखड्यात दफनभूमी म्हणून दाखवलेली आहे.

विकासराव कागद हातात धरून माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, आमचं वांग्याचं रान आहे हो ते. दफनभूमी कुठून आली?"

आराखडा करण्याआधी माणसं शेतोशेत फिरून आज कुठं काय आहे ते टिपतात. विहीर, गोठा, देऊळ, काय असेल ते. त्यावरून पहिला नकाशा होतो आणि पुढं कुणी हरकत घेतली नाही, तर तोच पक्का होतो. हरकती मागवल्याची नोटीस पेपरात येते, आणि तो पेपर आपण वड्याखाली घेतो. इथंही तसंच झालं होतं. आता प्रश्न एवढाच, की टिपणाऱ्यांनी वांग्याच्या रानात दफनभूमी कशी टिपली?

मी त्यांच्या घरी जाऊन ताराबाईंना विचारलं. त्या भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. बारीक चणीच्या, हातावर गोंदलेलं, बोलणं मोजकं.

"सर्वेची पोरं आली तेव्हा तुम्ही होता का रानात?"

"व्हय. मीच हुते."

"काय विचारलं त्यांनी?"

"हितं काय हाय म्हनली."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"आमी हितं माती घातली हाय, म्हनलं." आणि शेंगांची टरफलं पदरात गोळा करून त्या आत गेल्या.

विकासराव एकदम मांडीवर थाप मारून हसले. "अहो, गाळ! त्या साली आम्ही तलावातला गाळ आणून टाकला होता तिथं. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या. रान खालावलं होतं ना!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या भागात माती शब्दाला दोन अर्थ आहेत हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. पायाखाली असते ती माती, आणि माणूस गेल्यावर होते तीही माती. 'मातीला जाऊन आलो' म्हणजे अंत्यविधीला जाऊन आलो. पूर्वी कोकणातून बदलून आलेल्या एका साहेबांना शिपायानं सांगितलं होतं, "रावसाहेब मातीला गेल्यात." संध्याकाळी रावसाहेब परत आल्याबरोबर साहेबांनी विचारलं, "मातीचा रिपोर्ट कधी मिळेल?" तो किस्सा आमच्या ऑफिसांमध्ये अजून चालतो. इथं बरोबर उलटं झालं असणार. सर्वेची पोरं याच भागातली. म्हातारीनं माती घातली म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं तिरडी आली, आणि त्यांनी नकाशावर दफनभूमीची खूण करून टाकली.

मला हा युक्तिवाद फार आवडला. खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस तो ज्याला त्याला ऐकवत होते. अपिलाचं पहिलंच वाक्य मी असं घातलं, "सदर जागेत आजतागायत कोणाचेही दफन झालेले नाही." खाली गाळाची हकीकत, शेजाऱ्यांचे जबाब, आणि शेवटी माती शब्दाचे दोन्ही अर्थ. पुण्याला सुनावणीत मी ऐटीत उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, इथं माती म्हणजे माती!" अपील ऐकणारे साहेबही कोकणातलेच निघाले. ते मनमोकळं हसले. नगरपरिषदेचे इंजिनिअर सुद्धा हसले, आणि ते सहसा हसत नाहीत. साहेब म्हणाले, जागा एकदा बघून घेऊ आणि निकाल देऊ. मी विकासरावांना जिन्यातच सांगून टाकलं, पाया आखायची तयारी करा.

जागा बघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रानात होतो. साहेब, नगरपरिषदेचे इंजिनिअर, विकासराव, मनीषा आणि मी. वांग्याचं पीक निघून गेलं होतं, रान नांगरून मोकळं पडलेलं. एका बाजूला बुजवलेली विहीर, तिच्याशेजारी शेवगा. ताराबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. साहेब येणार म्हणून नेसल्या असतील असं मला वाटलं.

साहेबांनी सहजच विचारलं, "आजी, त्या मुलांना तुम्ही माती घातली म्हणालात. कसली माती?"

"तलावातली, साहेब," मीच बोलून गेले.

"बाई, त्यांना बोलू द्या," साहेब म्हणाले.

ताराबाईंनी साहेबांकडं पाहिलंच नाही. त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमी लिवल्यालं इकासनं मला काल वाचून दावलं. हितं कुनालाबी पुरल्यालं न्हाय, असं हाय त्यात."

"हो, आजी."

"ते खोटं हाय. माझी पोरगी हाय हितं."

मला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. विकासराव हसायच्या बेतात होते, ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. "आई, कुठली पोरगी?"

"तुझ्या आदली."

पन्नाशी गाठलेला माणूस, जन्मभर थोरला म्हणून वावरलेला, भावांची लग्नं लावून दिलेला. तो आईकडं नुसता बघत राहिला. मनीषांनी माझा दंड धरला आणि त्यांची नखं मला रुतली. त्या सकाळइतकी मी आयुष्यात कधी हादरले नव्हते, माझे वडील गेले तेव्हाही नाही.

ताराबाई बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात. "बारसं व्हायचं हुतं अजून. फणफणली न् गेली. लहान लेकरू, त्याला जाळत न्हाईत. मालकांनी माझ्या लुगड्यात गुंडाळून हितं आनली. मी वली बाळंतीन, मला येऊ दिलं न्हाय. सासूबाई म्हनल्या, रडू नगं, दुसरं हुईल, आन् नाव काडू नगं. मग न्हाय काडलं."

"आजी, जागा कोणती? दाखवता का?" साहेबांचा आवाज अगदी खाली आला होता.

"मालकास्नी ठावं. मी इचारलं की म्हनायचं, रान सगळं आपलंच हाय. मरस्तवर दावली न्हाय." त्यांनी नांगरलेल्या रानावरून हात फिरवला. "खुरपताना वाटायचं, हितं आसंल. म्होरच्या सरीला गेलं की वाटायचं, न्हाय, तितं."

साहेबांनी पायांकडं पाहिलं, आणि काही न बोलता बुटांसकट मागं सरकत बांधावर जाऊन उभे राहिले. मग आम्हा सगळ्यांनाच आपण कुठं उभे आहोत ते कळलं. बांधापर्यंत जायचं तरी पाय कुठं टाकायचा ते समजेना. मी तिथंच खिळून राहिले.

ताराबाईंना 'माती घातली ना?' असं मी एकदा नव्हे, कितीतरी वेळा विचारलं होतं, आणि दर वेळी त्यांनी "व्हय" म्हटलं होतं. त्या खरंच सांगत होत्या. सर्वेच्या पोरांनाही त्यांनी खरंच सांगितलं होतं, आणि त्या पोरांनीही खरंच टिपलं होतं. चूक कुणाचीच नव्हती, आणि मी सुनावणीत उभी राहून साहेबांना हसवलं होतं.

विकासरावांचा आवाज फुटला तो भलताच. "म्हणून हे रान मला दिलंस?"

"धाकटी दोघं इकून टाकतील. तू न्हाय इकनार, म्हाईत हुतं."

ते होते तिथंच खाली बसले. त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

आता कायद्याच्या बाजूनं बघा. समोरच्या पक्षाला याहून भक्कम पुरावा काय हवा होता? अर्जदाराची आई स्वतः सांगते की इथं पुरलेलं आहे. मी अशा वेळी पटकन तोंड उघडणारी बाई, पण त्या दिवशी मी फाईल मिटून घेतली. साहेबांनीच विचारलं, "आजी, इथं घर होऊ नये असं तुमचं म्हणणं आहे का?"

"आवो, न्हाय वो." ताराबाईंना पहिल्यांदाच गहिवरून आलं. "घर व्हावं की. माजीबी खोली हाय त्यात. दांडं लावल्याली. पर ती न्हवतीच, असं सरकारात लिवून मला खोली नगं."

मग नगरपरिषदेचे इंजिनिअर, जे सहसा हसत नाहीत असं मी म्हटलं ते, खाकरले. "साहेब, एका घरच्या लेकराला आपल्या रानात माती दिली म्हणून ती सार्वजनिक दफनभूमी होत नाही. आमची हरकत नाही."

"हे लेखी द्या," साहेब म्हणाले. सरकार ते सरकारच. पण ते सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी माझं पहिलं वाक्य तिथंच खोडलं. नवीन वाक्य काय लिहायचं ते मला सुचत नव्हतं. विकासरावांनी सांगितलं, "लिहा, सदर जागेत अर्जदाराच्या बहिणीस माती दिलेली आहे." बहीण हा शब्द त्यांना धड उच्चारता आला नाही. 'माती दिलेली' ही काही कचेरीतली भाषा नव्हे, तिथं दफन लिहितात. मी ती बदलली नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, तसं थांबून निकाल आमच्या बाजूनं आला. दफनभूमीची खूण गेली, तुकडा पिवळा झाला. जिंकलेल्या अपिलाचे पेढे मी नेहमी हक्कानं खाते. त्या वेळी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. बारसं न झालेल्या त्या मुलीची खूण इतकी वर्षं घरात कुणी राखली नव्हती. तिच्या आईच्या मनाखेरीज ती फक्त नगरपरिषदेच्या नकाशावर होती, आणि ती पुसायची मागणी मीच केली होती.

घर आता उभं आहे. ताराबाईंच्या खोलीत कापडी पिशवी खुंटीला अडकवलेली असते, रिकामी. मागच्या खेपेला मनीषांनी मला मुद्दाम नेऊन दाखवली. पण ते घर म्हटलं की मला पिशवीआधी पायाचा दिवस आठवतो.

आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर घर टेकवलं तर भिंती तडकतात. म्हणून ती मुरूम लागेपर्यंत काढतात, ट्रॉल्या भरून कुठंतरी खड्ड्यात टाकून देतात आणि जोत्यात मुरूम भरतात. पणदऱ्याचा कॉन्ट्रॅक्टर होता, कामाला चोख. जेसीबी आणायचा नाही, हातानं आणि जपून खणायचं, हे त्यानं मुकाट्यानं मान्य केलं होतं. खणताना काही सापडलं नाही. इतक्या वर्षांनी सापडणारही नव्हतं. विकासराव मात्र प्रत्येक फावड्याला पुढं वाकून बघत होते.

पहिली ट्रॉली भरून निघाली, आणि ताराबाई बांधावरून उठून ट्रॅक्टरच्या पुढ्यात येऊन बसल्या. पदर सावरून, मांडी घालून.

कॉन्ट्रॅक्टर धावत आला. जपून का खणायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "आजी, ही जोत्यात चालत न्हाय. घर फाटंल तुमचं."

"जोत्यात नगं घालू. माझ्या दारापुढं टाक. हितली कुठं जायाची न्हाय."

त्यानं आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी इंजिनिअर, मी समजावीन अशी त्याची कल्पना. मी नकाशा उघडून ताराबाईंच्या खोलीपुढं पेन्सिलीनं एक ओटा आखायला घेतला. तो मंजूर नकाशात नव्हता.

कॉन्ट्रॅक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "आवो आजी, नुसती माती तर हाय!"

"व्हय," ताराबाई म्हणाल्या. "मातीच हाय."